दिराने ओतलेला रस्सा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. दिवसभर वाफेत उभं राहायचं, आणि वर कोणी वाकडं बोललं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा मात्र गरीब गाय. कुलपं दुरुस्त करायचा तो. दिवसभर लोकांची कुलपं उघडायची आणि घरी आलं की एक स्वतःच्या तोंडाला लावायचं.

अशा घरात थोरले दीर आले. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलाशी पटत नव्हतं. आठ दिवसांसाठी आले आणि चार महिने हलले नाहीत. पलंग त्यांचा, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे, आणि ताटावर बसले की नाकाने कांदे सोलणं सुरू.

"आजही बटाटाच?"

बटाटाच. तो परवडायचा, आणि ठिणगीसारखा रस्सा कोणाला जमायचा नाही. कांदा चांगला तांबूस होईपर्यंत ती शेगडीपासून हलायची नाही. मग लसूण, हळद, तिखट, धनेपूड. मसाल्याला कडेने तेल सुटलं की बटाट्याच्या फोडी आणि गरम पाणी. शेवटी दोन-चार फोडी डावाने कढईतच चेचायच्या, की रस्सा आपोआप दाट. तिची दहा वर्षांची पोर वाटी बोटाने पुसून खायची.

दीरही दोन वाट्या हाणायचे. पण खाल्ल्या घरचे वासे मोजायची खोड जाते कुठे? एका रविवारी सकाळी आत्तेसासूबाईंचा फोन आला.

"काय गं, थोरल्या दिराला नुसत्या पाण्यात उकडलेले बटाटे खायला घालतेस म्हणे?"

ठिणगीच्या कानशिलांत ठणका उठला. दुपारी पानं वाढली आणि तिने दिरांना सरळच विचारलं, "भाऊजी, पाण्यात उकडलेले बटाटे कधी घातले मी तुम्हाला?"

दीर उठले. भरलेली वाटी घेऊन बेसिनपाशी गेले आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळा रस्सा ओतला.

"हे? हे जनावरंसुद्धा खाणार नाहीत!"

पोरीचा घास हातातच राहिला. ठिणगीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा मोडत होता.

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?"

"जाऊ दे ना. मोठे आहेत ते."

दिराच्या बोलण्याचा चटका बसला होता, पण याने ती होरपळलीच. उठून तिने डाव नवऱ्यासमोर आदळला.

"मोठे आहेत ना? मग मोठ्यांचं तुम्ही रांधा. उद्यापासून मी माझं आणि पोरीचं करणार."

"आणि माझं?"

"भावाला विचारा!"

तिने बोललेलं खरं केलं. पहिल्या दिवशी नवऱ्याने कांदा जाळला, बटाटे कच्चे ठेवले. दुसऱ्या दिवशी मिठाचा हात सुटला. शेजारच्या शेगडीवर ठिणगीची कढई रटरटत होती आणि वासाने दिरांना सुचेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटी पुढे केली.

"थोडा रस्सा वाढ बघू."

"हा जनावरांसाठी केलाय, भाऊजी."

पाचव्या दिवशी दिरांनी बॅग भरली. मुलाकडे जायला निघाले. दारात थांबून म्हणाले, "या घरात माझा अपमान झाला."

"झाला," ती म्हणाली. "मीच केला."

नातेवाइकांत बोभाटा झाला. आत्तेसासूबाईंनी फोन केला तेव्हा ठिणगीने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. त्याने घसा खाकरला, घाम पुसला. "आत्या, चूक दादाची होती," एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. पलीकडून आरडाओरडा झाला, तरी त्याने शब्द मागे घेतला नाही.

"हे त्या दिवशी बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो. हवं होतं."

राग लगेच गेला नाही. पंधरा दिवस ती कामापुरतंच बोलत होती. हल्ली तिची दुपारपाळी असली की स्वयंपाक तोच करतो. मीठ अजून जास्तच पडतं. ती खाते, पण छान झालंय असं अजून एकदाही म्हणालेली नाही.