थोरली नाक मुरडते

माझं दुखणं हसण्यातून सुरू झालं. गौरीत धाकट्या जावेचा पहिला ओवसा होता, नव्या सुनेनं गौरीपुढे सुपं वाहून ती थोरल्यांना द्यायची. सूप माझ्या हातात देऊन ती पाया पडली, मी कौतुकानं हसले, पण ओठांचे कोपरे वर जाईचनात. नुसता वरच्या ओठाचा मधला भाग उचलला गेला. "थोरली नाक मुरडते," हे घरभर झालं. सासूबाईंनी वर तिखटमीठ लावलं. मी हसणंच सोडलं, तर घुमी ठरले.

पुढे जेवताना जबडा दमायला लागला. संध्याकाळी आवाज नाकातून यायचा, पाणीसुद्धा नाकात चढायचं. एक दिवस घास अडकून मरेन, असं मी सांगून थकले. सासूबाई म्हणायच्या, "नाटका हायत सगळी."

रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यायचं, तर आमच्याकडे आदल्या दिवसापासून बाईला कामाला हात लावू देत नाहीत. वर्षभर राबवणाऱ्यांना माया फुटायची ती नेमकी तेव्हा. झोपवून, न्हाऊमाखू घालून पहिल्या एसटीनं मला तिथे हजर करायचे. मग काय, आवाज स्वच्छ, जबडा ठणठणीत. या दुखण्यात बहुतेकांच्या पापण्या पडतात, तशा माझ्या पडल्या असत्या तर कुणाला शंका तरी आली असती, पण डोळे मेले धडधाकट. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." सासूबाई कोर्टात केस जिंकल्यासारख्या माझ्याकडे बघायच्या.

विसावलं की बरं आणि राबलं की बिघडतं, हे शेवटी माझं मलाच उमगलं. तिसऱ्या खेपेला पहाटे उठून मी सगळं घर आवरलं. पिशवीत शिळी भाकरी घेतली आणि दवाखान्याच्या बाकावर ती कोरडीच चावत बसले. सासूबाई लाजेनं लांब सरकल्या. नंबर लागला तेव्हा मी जबडा हातानं धरून आत गेले.

"काय होतंय?" नव्या डॉक्टरांनी विचारलं. मी बोलले, त्यातलं निम्मं नाकातच राहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं पुन्हा बोलायला लावलं. माझा आवाज परत आला होता. मी तिथेच रडले. रक्त मुंबईला गेलं, पुढच्या खेपेला नाव आलं: मायस्थेनिया. आपलंच शरीर आपल्या स्नायूंवर उलटतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आपल्यांनीच उलटणं मला फार समजावून घ्यावं लागलं नाही.

दवाखान्यातच पहिली गोळी घेऊन आम्ही एसटीनं परतत होतो. सासूबाई म्हणाल्या, "मंग आदी नाय सांगायचास गो?"

गोळी लागू पडली होती, ओठ हवे तसे हलत होते. मी त्यांच्याकडे वळले आणि पहिल्यांदाच खरोखर नाक मुरडलं.