बाबांचा हात

कुठलीही वस्तू घासली की सुधारते, यावर आमच्या नेऱ्याच्या घरमालकांची जेवढी श्रद्धा होती तेवढी कुणाची देवावरही माझ्या पाहण्यात नाही. हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी जवळच्याच नेरे गावात त्यांच्याकडे चार वर्षं भाड्याने राहिलो. सगळे भाडेकरू त्यांना बाबा म्हणत आणि त्यांच्या बायकोला आई. सत्तरीचे बाबा सकाळी उठून आधी म्हशी घासत, मग तांब्याची घागर, मग मोटारसायकल. तिच्या टाकीचा रंग घासून घासून असा उडाला होता, की ती मूळची लाल की काळी यावर भाडेकरूंत दोन तट होते. एकदा मी नवी कढई विसळून ओट्यावर पालथी घातली, तर बाबांनी तिचा काळा थर काथ्याने खरवडून मला ती चकाचक करून आणून दिली. म्हणाले, "दुकानदारानं फशिवलं तुमाला. आतनं पार करपल्याली व्हती." कढई नॉनस्टिक होती. मी मुकाट्याने आभार मानले.

पण खरा सोहळा दातांचा. ब्रश बाजारातला सगळ्यात टणक, खुरपं धरावं तसा मुठीत, आणि करवतीसारखा आडवा. अंगणात फेऱ्या मारत हे अर्धा तास चाले. "माझा बा गेला तवा त्येचं समदं दात जाग्याव व्हतं," हे ते फेसासकट सांगत. एके दुपारी गार ताकाचा घोट घेतला आणि बाबा गालाला हात लावून मटकन खाली बसले. आरशात पाहिलं तर हिरडीलगत दातादाताला खाच पडलेली. घाण साचून झालं असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळीही घासायला सुरुवात केली.

शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हे किडलेलं नाही, तुम्ही झिजवलंय. हा सुळा आणखी झिजला तर मुळाशी मोडेल."

"मग गिलावा करून टाका की!"

"करते. पण हात हलका झाला नाही तर तोही निघेल."

मऊ ब्रश, बोटांच्या टोकांत धरायचा, हळूहळू गोल फिरवायचा. आंबट खाल्लं की लगेच घासायचं नाही, नुसती चूळ भरायची. बाबांनी शहाण्या मुलासारखं सगळं ऐकलं. मऊ ब्रश चार दिवसांत पार विस्कटला. दुसराही, तिसराही. "हात ऐकंना वो," ते मला म्हणाले, आणि त्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली. मलाही वाईट वाटलं.

त्यानंतर एका सकाळी किल्ली द्यायला मी त्यांच्या दारात गेलो. आईंची उजवी बाजू वर्षापूर्वी लकव्याने गेलेली. बाबा त्यांच्यासमोर पाटावर बसून त्यांचे दात घासत होते, बोटांच्या टोकांत ब्रश धरून, गोल गोल, इतके हळू की मी दारातच थांबलो. न राहवून म्हणालो, "बाबा, इथे बरा हलका चालतो हात!"

"तिला दुखंल ना," ते म्हणाले.

आईंनी चूळ भरली. आजारानंतर त्या एकेक शब्द सावकाश बोलत. "आन् तुमाला... दुकत न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला. "आना तुमचा बुरूस. आ करा."

त्या हातात फारसा जोर नव्हता, आणि डॉक्टरीणबाईंना तेवढाच हवा होता. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा खाचा होत्या तेवढ्याच होत्या, सुळा घट्ट होता आणि गिलावाही टिकला होता. बाबा ताक प्यायला लागले. म्हशी आणि मोटारसायकल यांच्या नशिबात मात्र काही फरक पडला नाही.

आता मी स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, पण अधूनमधून नेऱ्याला जातो. त्या दोघांचा मला हेवा वाटतो, हे सांगायला लाज कसली? परवा गेलो तेव्हा दोघं पायरीवर बसली होती. आईंचा डावा हातही आता लवकर थकतो, घासताना मध्येच थांबतो. तेव्हा बाबा तोंड उघडं ठेवून तो हात पुन्हा चालू होण्याची वाट बघत बसतात.