दुबलगुंडीच्या बांधावरची घोरपड

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर खाली ओढलं, स्कूटर काढली आणि हुमनाबाद सोडलं. खरं तर प्रवासवर्णन लिहावं इतका हा प्रवास लांबचा नाही. हमरस्त्यावर माझं लॉरीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. ड्रायव्हर लोक बेअरिंग घेता घेता मुलूखभरच्या गोष्टी सांगतात, आणि त्याच गोष्टी मी पुढच्या गिऱ्हाइकाला जणू स्वतः पाहून आल्यासारख्या ऐकवतो. तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. नागालँडच्या घाटातलं वळण मला माहीत होतं, पण घराजवळच्या दुबलगुंडीच्या शिवारात कोण राहतं हे वयाची पंचेचाळीस वर्षं उलटली तरी ठाऊक नव्हतं.

निघायचं कारण साधं होतं. आमच्याकडे पंचमीला सासरची लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. माझी थोरली बहीण महादेवी दुबलगुंडीत दिलेली आहे. तिला मी अक्का म्हणतो. पंचमीची पूजा सासरी करायची आणि दुपारी माझ्या मागे बसून हुमनाबादला यायचं, ही तिची ठरलेली पद्धत. आईने तिच्यासाठी दोन दिवस आधीपासून लाह्यांचे डबे भरून ठेवले होते.

हमरस्ता सोडला तसा लॉऱ्यांचा आवाज मागे पडला. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीमागच्या बाभळीवर एक सरडा बसला होता. सरडा काही मला नवा नव्हता, पण असला कधी पाहिला नव्हता. डोकं आणि खांदे लालभडक, गळ्याशी काळा डाग, आणि पुढच्या पायांवर तो दंड मारल्यासारखा खालीवर होत होता. ऐन पावसाळ्यात नर असा नटतो म्हणे. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो.

टपरीवाले चाचा चहा ओतता ओतता म्हणाले, "मूं बंद करो अण्णा, दातां गिनरा उने." (तोंड मिटा, तो दात मोजतोय.)

"गिन्या तो?"

"गिन्या तो पड जाते." (मोजले तर पडतात.)

मी तोंड मिटलं. आता चहा कसा प्यायचा, ही मात्र पंचाईत झाली. शेवटी सरड्याकडे पाठ करून प्यायलो.

पुढे काळ्या मातीच्या वाटेवर स्कूटर घसरली आणि मी चिखलात बसलो. अक्काच्या दारात गेलो तेव्हा कमरेपासून खाली माझा रंग ओळखू येत नव्हता. अक्का पोट धरून हसली. दाजी (अक्काचे यजमान) अंगणात पाइपाची गुंडाळी मोजत होते. विहिरीपासून खालच्या शेतापर्यंत पाइप टाकायचा होता. चर खणायला मशीन येणार होतं, पण ते पंचमी उलटल्यावर. पंचमीला आमच्याकडे भुईत लोखंड घालत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, घरात विळीसुद्धा नाही.

मी पाय धुतले, चूळ भरली, तेवढ्यात अक्का हळूच म्हणाली, "शिवा, मी येत न्हाई औंदा."

मला रागच आला. "कामून? आई वाट बघायलीय तिकडं."

"आदी शेतात चल. बघ, मग बोल."

दुपारी पाऊस उघडला होता. बांधावरच्या लिंबाखाली कमरेइतकं उंच वारूळ होतं. अक्काने मला तुरीच्या ओळीत खाली बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग गवत हललं आणि त्यातून घोरपड बाहेर आली. हातभर अंग आणि त्याहून लांब शेपूट. दर दोन पावलांवर ती थांबे आणि दोन फाट्यांची लांब जीभ बाहेर काढून हवा चाखे. वारुळाच्या कुशीत तिने पुढच्या नखांनी माती उकरायला सुरुवात केली. भोक खोल झालं तशी ती वळली, मागचं अंग आत घातलं आणि निश्चल झाली.

"अंडी घालायलीय," अक्का कानात कुजबुजली. "दोन दिस झाले, हितंच जागा हुंगत फिरायली व्हती."

तिच्या कुशी फुगत होत्या, बसत होत्या. डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. मला हात जोडावेसे वाटले. उन्हं कलली तेव्हा ती बाहेर आली आणि माती परत भोकात लोटू लागली. आई लोणच्याच्या फोडी बरणीत दाबून भरते, तशी ती नाकाने माती दाबत होती. दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. मला वाटलं, झालं काम. पण ती पाच-सहा हात पुढे गेली, तिथे आणखी एक भोक खणलं आणि ते तसंच उघडं टाकलं. मग तिसरं खणलं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"चोराला फसवायला. मुंगूस येतंय, कुत्रं येतंय. रिकाम्या भोकात नाक घालतंय आन जातंय."

घोरपड गवतात दिसेनाशी झाली तरी आम्ही उठलो नाही. मग अक्का जे बोलली ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी होळीनंतर गोठ्यात एक बिसखोपरा शिरला होता. आमच्या भागात बिसखोपरा म्हणजे अंगावर ठिपक्यांचे पट्टे असलेलं वीतभर जनावर. तो चावला की माणूस पाणी मागत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

"मी फुकणीनं मारलं त्येला," अक्का म्हणाली. "आन दुसऱ्या दिवशी बघते, तर ह्याच वारुळातनं तसलीच बारकी बारकी निघायली. घोरपडीची पिल्लं ती, शिवा. ईख (विष) असतं, तर वासरू मेलं नसतं का? त्येनं तर नाकानं हुंगलं व्हतं. उगंच मारलं मी."

पाइपाची रेघ या वारुळावरून जाणार होती. दोन वर्षांत इथे नाग कुणाला दिसलेला नाही, वारूळ रिकामं आहे, यंदाची पूजा झाली की पाडू, असं दाजींनी ठरवलं होतं. आणि अंडी होळीपर्यंत आतच राहणार होती.

"दाजींना सांग की."

"सांगितलं की गावभर व्हतंय. मग कोनतरी घोरपडीला धरून खायला न्हेतंय. उद्या पूजा हू दे, मी बघते काय करायचं. तू तेवढं बोलू नको."

मी गळ्याची शपथ घेतली.

पंचमीला तवा चुलीवर चढत नाही. सकाळी उकडलेली पुरणाची दिंडं, त्यावर तूप, आणि तंबिट (भाजक्या पिठाचा गूळ घातलेला लाडू). मी चार तंबिट खाल्ले. मग गल्लीतल्या बायका ताटं घेऊन वारुळाकडे निघाल्या. मागे दाजी, त्यांच्या मागे मी. सगळ्यांत पुढे होत्या शेजारच्या चंद्रम्मा, गल्लीतल्या सगळ्यात थोर. त्यांनी दुधाचा तांब्या तिरपा केला, तो नेमका ताज्या मातीवर.

अक्काने त्यांचा हात धरून दुसऱ्या भोकाकडे वळवला. "हितं वता मावशी."

"हितं कामून? ह्ये तर रिकामं दिसायलंय." चंद्रम्मांचा हात परत मागे आला.

"तिथं नका ओतू!" माझ्या तोंडून निघून गेलं. "अंड्यांना मुंग्या लागतील!"

दाजींनी विचारलं, "कशाची अंडी?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "घोरपडीची," मी म्हणालो. "ठिपक्याचा बिसखोपरा म्हणतो ना आपण, तो हिचंच पिल्लू."

"आता गं बया, बिसखोपरा!" बायका चार पावलं मागे सरल्या. दाजींनी सवयीने कुदळीसाठी इकडेतिकडे पाहिलं, मग आजचा दिवस आठवून हात मागे घेतला. "आज ऱ्हाऊ दे. उद्या मशीनच येतंय."

अक्का वारुळाला टेकून खाली बसली. "मग उद्याबी मी हितंच बसते."

"आगं, तुजा भाऊ न्यायला आलाय. माहेराला जायचं न्हाई व्हय?"

"मला माहेर हाय. ही बाळंतपणाला कुठं जायची?"

चंद्रम्मा माझ्याकडे वळल्या. "तू डोळ्यानं बघितलास?"

मग मी सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगत आलो, पण ही माझी स्वतःची होती. मिटलेलं भोक, फसवी भोकं, सगळं सांगितलं.

"नाकानं दाबली माती?" चंद्रम्मांनी पुन्हा विचारलं.

"नाकानं. कितीतरी वेळ."

चंद्रम्मा खाली वाकल्या. मग ताटातला खण आणि मूठभर तांदूळ त्यांनी त्या मातीशेजारी ठेवले. हळदकुंकू मात्र दोन हातांवरून भिरकावलं, कारण भीती अजून गेली नव्हती. "बाळंतिणीला कोन उठवतंय?" त्या दाजींना म्हणाल्या. "आता हितं ओटी भरलीया. कोन हात लावतंय ते मी बघते." एकेक करत बाकीच्या बायकाही पुढे आल्या.

दाजी पाठ फिरवून घराकडे गेले. मला वाटलं, रुसले. थोड्या वेळाने ते फक्कीची (चुन्याच्या भुकटीची) पिशवी घेऊन परत आले आणि लिंबाला वळसा घालून नवी पांढरी रेघ ओढू लागले. "पंचमीला लोखंड चालत न्हाई, चुना चालतोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

तरीही अक्का आली नाही. रात्री पावसाने फक्की धुऊन गेली तर मशीनवाल्याला कोण दाखवणार, हा तिचा सवाल होता. निघताना मी म्हणालो, "माझ्या तोंडानं घातच झाला असता, अक्का."

"व्हय," ती म्हणाली. "पन मला असं सांगता आलं नसतं." तिने आईसाठी तंबिटाचा डबा माझ्या हातात दिला.

हुमनाबादला पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिने आधी स्कूटरची मागची सीट पाहिली. "लेक कुठाय माझी?"

मी तिथेच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अक्काने मारलेलं पिल्लूही सांगितलं. बिसखोपऱ्याची भीती आम्हाला आईनेच घातली होती, कारण तिला तिच्या आईने घातली होती. सांगता सांगता मलाच वाईट वाटलं. आपल्याच शिवारात इतकं मोठं काही चालतं, आणि आपण त्याला फक्त मारायचं तेवढं शिकलो.

आई बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिली. आमच्यात आई लेकीच्या सासरी सहसा जात नाही. अक्काच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, आई दुबलगुंडीला एकदाही राहिलेली नव्हती.

"पिल्लं कवा निघत्यात म्हनलास?"

"होळीनंतर."

"मग तवा मला तितं न्हे," आई म्हणाली. "मी ऱ्हाते लेकीकडं."