मोकळा गळा

आमच्या बोळातली दानेश्वरी जन्माची भित्री. फोन वाजला तरी दचकते. आणि ही मुलगी सात रस्त्याजवळच्या क्लासात शिकली काय, तर सिनेमातलं नको ते संगणकावर पुसायचं काम. आधी माणसाभोवती, त्याच्या हाताभोवती रेघ आखून त्याला वेगळं काढायचं; याला रोटो म्हणतात. मग पेंटने शेजारची कातडी उचलून नको त्या जागेवर फासायची, एकेका फ्रेममध्ये. वर्षभर तिने विजेच्या तारा, खांब आणि दुकानांच्या पाट्या पुसल्या. त्या कामात मात्र ती कुणाला हार जात नसे.

पुण्याच्या एका कंपनीने परीक्षेसाठी शॉट पाठवला. जमला तर घरी बसून नोकरी, नाहीतर सोलापूर सोडून कुठेतरी जावं लागणार. घरात आई नाही. वडील शिवप्पा, म्हणजे तिचे अप्पा, हृदयाचं दुखणं घेऊन बसलेले. त्यांना एकटं टाकून जायची तिची तयारी नव्हती.

शॉटमध्ये एक म्हातारा नट ओसरीवर बसून हसत होता. सदऱ्याची वरची बटणं उघडी आणि गळ्यात दोऱ्याला बांधलेलं इष्टलिंग. सोबत सूचना एवढीच: गोष्टीतला माणूस लिंगायत नाही, गळा मोकळा करा.

दानेश्वरीचं घर लिंगायत. तिच्या घरात लिंग एकदा गळ्यात पडलं की मेल्यावरही काढत नाहीत. माणसाबरोबरच मातीत जातं. आणि हा म्हातारा तर चांगला जिवंत, हसतोय. तिने रेघ आखली नि खोडली. पुन्हा आखली, पुन्हा खोडली. इथे पुसलं आणि तिकडे अप्पांना काही झालं तर? एवढं शिकून असलं मनात येतं याची तिला लाज वाटत होती, पण भीती लाजेला जुमानत नव्हती. दुपार टळली. काम संध्याकाळी पाठवायचं होतं.

शेवटी तिने अप्पांनाच पडद्यासमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते पुढे वाकून त्या म्हाताऱ्याकडे बघू लागले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला.

“आपरेशनच्या टायमाला नर्सनं माझं लिंग काढायला लावलं,” ते म्हणाले. “तवा तूच बाहेर मुठीत धरून बसलीस की. तू गाव सोडलंस तर फुडच्या खेपेला कोण धरणार, दानू? पूस.”

पुढची खेप त्यांनी इतकी सहज धरून चालावी, याचं तिला रडू आलं. रडत रडतच ती कामाला लागली. म्हाताऱ्याचा हात मध्येच दोऱ्यावर आडवा येत होता, तो आधी वेगळा काढला. मग फ्रेममागून फ्रेम कातडी फासत गेली. शेवटी शॉट चालवून पाहिला. म्हातारा उघड्या गळ्याने हसत होता. आतल्या खोलीत अप्पा खोकले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

नोकरी लागली. क्लासवाल्यांनी तिचा फोटो दारावर लावला. ती घरीच काम करते, आणि अप्पांना आंघोळीला जरा वेळ लागला की उठून न्हाणीचं दार वाजवते. ते आतून ओ देईपर्यंत वाजवतच राहते.