मंगल कार्यालयातला बाप्तिस्मा

गाव सोडलं त्या सकाळी बाबांनीच सगळं सामान एसटीत चढवून दिलं. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "उपासना चुकवायची न्हाई." नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात दगडी चर्च आहे. त्याचे दगड माझ्या पणजोबांनी डोक्यावर वाहिलेले. बाबांनी हे इतक्यांदा सांगितलंय, की हे वाचणाऱ्या तुम्हा गावाकडच्यांना पाठ असेल.

पुण्याजवळ घोटावड्यात आलो तो नोकरीसाठी. नवरा कंपनीत क्वालिटीला, मी हिंजवडीत सपोर्टला. इथे आमच्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या गटाला, स्वतःचं चर्च नाही. रविवारी सकाळी सगळे एका मंगल कार्यालयात जमतात. उपासना चालवणाऱ्या पाळकांच्या मागे आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीच्या नावांची थर्माकोलची अक्षरं असतात आणि पायाला अक्षता टोचतात. दुपारी लग्न असलं की शेवटच्या प्रार्थनेत फोडणीचा वास येतो. पहिलं वर्षभर मी डोळे मिटून मनाने गावच्या चर्चमध्ये बसायचे. हल्ली गावी गेले की तिथल्या दहा-बारा माणसांत करमत नाही. हे काय झालंय मला, कळत नाही. माझ्यासारखं बाहेर पडलेल्या कुणाला कळलं असेल तर सांगा.

लेक झाली. बाप्तिस्मा कुठे करायचा? बाबा म्हणाले, "चार पिढ्यांचा हितंच झालाय." मी हो म्हटलं. इथल्या पाळकांनाही हो म्हटलं. गावी पाळक महिन्यातून एकदा येतात, त्यांची तारीख आणि माझी रजा जुळेना. शेवटी इथलाच रविवार धरला. बाबा आले, पण फुगून.

बाप्तिस्म्यात पाळक मंडळीला विचारतात, या बाळाला ख्रिस्ती विश्वासात वाढवायला तुम्ही मदत कराल का? कबूल असेल त्यांनी उभं राहायचं. सगळे उठले. बाबा बसूनच. ते नियमाचे पक्के. या मंडळीचे सभासद नाहीत, मग वचन कसं देणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यालयाच्या मालकीण, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, मागे बसून दुपारच्या लग्नाची तोरणं ओवत होत्या. सगळे उठलेले बघून त्याही उठल्या आणि बाबांजवळ आल्या. "उटा की दादा. आमी समदी उभी हाय, अन् पोरीचा आजाच बसलाय व्हय?"

बाबा उठले.

मावशींना आपण काय कबूल केलं ते कळलं का, देव जाणे. परत निघताना बाबा म्हणाले, "हिचं नाव गावच्या चर्चच्या वहीत नको आता. हिचं गाव हेच." रागाने म्हणाले की समाधानाने, मला अजून उमगलेलं नाही. लेकीचं गाव ठरलं. माझं कुठलं, ते मी विचारलं नाही. ते काय सांगतील याची भीती वाटली.