पत्ता देऊ का?

वर्लीन बाबिनो लुइझियानात माणसं शोधून द्यायचा धंदा करी. पसार झालेले भागीदार, दुरावलेले भाऊ, घर सोडून गेलेल्या बायका. गुप्तहेरांना परवाने देणाऱ्या मंडळाचं नाव काढलं की तिचं डोकं फिरे. मेले फी घेतात आणि वर म्हातारपणी वर्गात बसवतात! पण त्या वर्षी ती त्याच मंडळासाठी बॅटन रूजला, विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला गेली. मुदतवाढीचा कायदा झाला नाही, तर मंडळ आपोआप बंद पडणार होतं आणि क्लोव्हिस फाँतनोची सुनावणीही त्याच्याबरोबर बुडणार होती.

क्लोव्हिस तिच्याच हाताखाली शिकलेला. नवऱ्याला सोडून पळून गेलेल्या रेने नावाच्या बाईचा पत्ता त्याने त्या नवऱ्यालाच काढून दिला आणि नवऱ्याने तिला दारातच गोळी घालून मारलं. नवरा तुरुंगात गेला. क्लोव्हिसवर मात्र गुन्हा बसत नव्हता. मंडळ तेवढं त्याचा परवाना काढून घेऊ शकत होतं.

"मिस वर्लीन, तुम्ही आणि मंडळाच्या बाजूने?" समितीचा अध्यक्ष हसला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"चेष्टा पुरे. माणूस सापडला की आधी त्याला विचारायचं, पत्ता देऊ का? नको म्हणाला, तर गिऱ्हाइकाला सांगायचं, सुखरूप आहे, भेटायचं नाही म्हणतो. एवढं शिकवलं होतं मी त्या गाढवाला. त्याने विचारलं नाही."

समितीने एकमताने होकार दिला आणि तिथेच घात झाला. विरोध कुणाचाच नाही, मग घाई कसली, म्हणून विधेयक यादीच्या तळाशी गेलं. शेवटच्या दिवशी आमदार एकमेकांच्या निरोपाच्या भाषणांत रमले आणि विधेयक मताला न येताच अधिवेशन संपलं. कुणी मुद्दाम केलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मंडळ बंद झाल्यावर रेनेची आई ओलेटा वर्लीनच्या ऑफिसात आली.

"क्लोव्हिस हल्ली कुठे राहतो, शोधून दे. त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही मी. समोर उभं राहून एकदा बोलायचंय."

वर्लीनला पत्ता ठाऊक होता. तिने फोन लावला.

"क्लोव्हिस, रेनेची आई आलीय. तुझा पत्ता देऊ का?"

पलीकडून उत्तर आलं, "नको, मिस वर्लीन. देवाशप्पथ, नको."

वर्लीनने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याच नियमाची किळस आली.

"नको म्हणतोय," ती म्हणाली. "सुखरूप आहे."

ओलेटा पर्स उचलून उठली.

"माझी रेनेही नकोच म्हणाली असती."