समुद्राच्या रंगाची खोली

"जवळ हाय, पण ह्यो न्हवं."

शेडकार्ड हातात घेऊन काकी दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या, भर रस्त्यात उन्हात उभ्या राहून ते हातभर लांब धरायच्या, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती करायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला तरी त्या हलत नसत. मग वर येऊन कार्ड काउंटरवर टाकायच्या. "चालते. लय कामं पडल्याती."

साताऱ्यात माझं रंगाचं दुकान आहे. मूळचे आम्ही सांगलीचे. आजोबा आणि वडील हळदीच्या व्यापारात होते, म्हणजे एकच रंग विकून आमच्या घराने दोन पिढ्या सुखात काढल्या. मी हजारभर रंग विकतो आणि दिवसभर चिडलेला असतो. रंग निवडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरून पिस्ता ठरवून येतात, दुकानात बदामी घेतात आणि भिंतीला लागला की दोन्ही नको होतात. दोष अर्थातच माझ्या रंग मिसळणाऱ्या मशीनचा असतो.

त्यात हल्ली समुद्रकिनाऱ्यासारख्या घराचं खूळ आलंय. नवी जोडपी मोबाईल माझ्या नाकाशी धरतात. पांढऱ्या भिंती, निळे पट्टे, दोरखंडाच्या चौकटीतला आरसा, शिंपल्यांचा दिवा. घर असतं एमआयडीसीच्या मागे आणि खिडकीतून दिसते कारखान्याची पत्र्याची शेड. मी वाद घालत नाही, निळा-पांढरा देऊन मोकळा होतो. त्यामुळे पन्नाशी उलटून गेलेल्या, नऊवारीची सहावारी केलेल्या, हातात कापडी पिशवी असलेल्या काकी पहिल्यांदा येऊन "समुद्राचा रंग पायजे" म्हणाल्या, तेव्हा ही साथ आता कुठवर पसरली, असंच माझ्या मनात आलं.

मी त्यांना तेच फोटो दाखवले. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"ह्ये काय, नांगर?"

"हो काकी, जहाजाचा. भिंतीवर लावायचा. फॅशन आहे."

"दोन वर्सं समुद्राकाठी काढली मी. एकाच्याबी घरात नांगर टांगल्याला बघितला न्हाई. तितं लोक भितीला छत्री टांगत्यात."

त्या दिवसापासून नांगराचा फोटो मी कुणाला गंभीर चेहऱ्याने दाखवू शकलेलो नाही.

काकींचं माहेर पाटणकडचं, नदीकाठचं. सासर माण तालुक्यातलं, जिथे पाण्याचा टँकर आला की गाव गोळा होतं. नवरा लष्करात हवालदार. सव्वीस वर्षं त्यांनी देशभरच्या छावण्यांमधल्या क्वार्टरांत संसार केला. दर दोन-तीन वर्षांनी बदली. क्वार्टर सोडताना साहेब येऊन भिंती तपासणार, खिळ्याचं एक भोक दिसता कामा नये. मग निघायच्या आदल्या दिवशी काकी सगळे खिळे उपटायच्या आणि भोकांत टूथपेस्ट भरून बोटाने सारखी करायच्या. सगळ्या फौजी बायका तसंच करायच्या. पांढऱ्या भिंतीत पांढरी टूथपेस्ट कुठल्या साहेबाला दिसणार?

या रीतीचा परिणाम मी नंतर पाहिला. साताऱ्यात स्वतःचं घर बांधून त्यांना तीन वर्षं झाली होती. रंगारी घेऊन मी माप काढायला गेलो, तर भिंतींत एकही खिळा नव्हता. घड्याळ खुर्चीवर टेकवलेलं. दिनदर्शिका खिडकीत आडवी. निम्मं सामान अजून काळ्या पत्र्याच्या ट्रंकांमध्ये, आणि ट्रंकांवर एकावर एक रंगवून खोडलेली गावांची नावं.

"मारा की खिळे. तुमचंच घर आहे," मी म्हणालो.

"व्हय की. पर हात उठत न्हाई." एवढं बोलून त्या दुसऱ्या खोलीत गेल्या, तिथून पडवीत, तिथून परत आल्या. दुकानातही तेच. स्टूल पुढे सरकवलं तर म्हणायच्या, "बसलं की उशीर हुतो." कशाला उशीर, ते मला कधी कळलं नाही. त्या नुसत्या दुकानात आल्या तरी मलाच कुठेतरी निघायचं आहे असं वाटू लागायचं.

समुद्र कशासाठी हवा, ते चौथ्या की पाचव्या खेपेला कळलं. मीच वैतागून विचारलं, की अहो, आकाशी घ्या, मोरपंखी घ्या, एवढं काय अडलंय?

"आमच्या ह्येंचा पाय घरात ठरत न्हाई," त्या म्हणाल्या. "फौजेतनं आलं आन म्हैन्यात पुण्याकडं कंपनीच्या गेटावर नोकरी धरली. पेन्शन हाय, गरज न्हाई. दोन म्हैन्यानं चार दिसाला येत्यात. तिसऱ्या दिशीच बॅग दाराशी. केरळात व्हतो तवा क्वार्टरला समुद्राकडची खिडकी व्हती. ड्युटीवरनं आलं की खुर्ची वढायचं आन तासभर पाण्याकडं बघत बसायचं. च्या गार व्हायचा. सव्वीस वर्सात ह्यो माणूस बसल्याला मी तितंच बघितला. तसला रंग दिला तर बसतील की घरात. का न्हाई?"

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. रंगाने माणूस घरात राहील, यावर माझ्या दुकानात बसून माझाच विश्वास नव्हता. काकींचा होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडायचं जरा कमी केलं.

मग काकी घरून नमुने आणू लागल्या. प्लास्टिकचा मग, साबणाची झिजलेली वडी, कोबीच्या पानाची आतली बाजू. "पाऊस सरल्यावरचा समुद्र, सकाळी धाच्या टायमाचा. निळा न्हाई वो. निळा कॅलेंडरात असतो." मी छोट्या डब्या बनवून द्यायचो. त्या घरी जाऊन रंगाऱ्याकडून हातभर पट्टा मारून घ्यायच्या, तोही दाराच्या मागे, नाहीतर भिंतीतल्या कपाटाच्या आत. का, तर "इतं साब बघत न्हाईत." तपासायला येणारा साहेब सव्वीस वर्षांनी अजून त्यांच्या डोक्यातून निवृत्त झालेला नव्हता. अकरा पट्टे झाले, आमचा रंगारी पुन्हा येणार नाही म्हणाला, आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

रंग सापडला तो शेडकार्डात नव्हे, बादलीत. रंगारी त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला हिरवा देत होता. कामं संपवून त्याने हिरव्याचा ब्रश, आदल्या दिवशीच्या राखाडीचा आणि पांढऱ्याचा, सगळे एकाच बादलीत धुतले. तेवढ्यात काकी पडवीत आल्या आणि ओरडल्या, "हात लावू नगा! ह्यो!"

ती बादली घेऊन त्या रिक्षाने माझ्या दुकानात आल्या. निम्मी रिक्षात सांडली होती. उरलेलं पाणी माझ्या मोजपट्टीने ढवळत त्या काउंटरशी उभ्या राहिल्या, कारण ढवळायचं थांबलं की रंग तळाला बसायचा. "थांबलं की मरतंय ह्ये," त्या म्हणाल्या. एकीकडे काकी ढवळतायत, दुसरीकडे मी मशीनमध्ये थेंब वाढवतोय, अशी आमची अख्खी दुपार गेली. सातवी डबी घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. मान डावीकडे झाली, उजवीकडे झाली. परत वर आल्या आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या.

"ह्योच," त्या म्हणाल्या.

खोली फार सुंदर झाली, हे मी विकणारा म्हणून सांगत नाही. करड्या-हिरव्या भिंती, पांढऱ्या चौकटी, खिडकीत पातळ पांढरा पडदा, कोनाड्यात केरळातून आणलेल्या शिंपल्यांची काचेची बरणी आणि खिडकीशी एक वेताची खुर्ची. बस्स. दुपारचं ऊन आत आलं की भिंत हलल्यासारखी वाटायची. हवालदार यायच्या दिवशी काकींनी मला मुद्दाम चहाला बोलावलं. मीही गेलो, कारण आता मलाही बघायचं होतं.

हवालदार उंच, वाळलेले, बोलायला कमी. खांद्यावरची बॅग न उतरवता ते खोलीच्या दारात उभे राहिले.

"रंग चांगला हाय," ते म्हणाले. "कुणी सुचिवला?"

"वळखला न्हाई?" काकींनी विचारलं.

"काय वळखायचं?"

काकींनी सांगितलं. केरळ, क्वार्टर, खिडकी, गार होणारा चहा. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि अगदी सरळपणे, वाईट काही मनात नसताना, म्हणाले, "आगं, तितं मला एक दीस करमलं न्हाई. नुस्तं पाणी. नजर तिकडं ठिवून मी आपला माळ आठवायचो. मेंढरं, बाभळी. औंदा तरी पाऊस पडला आसंल का न्हाई, ह्येच डोस्क्यात."

काकींनी शिंपल्यांची बरणी उचलली आणि होती तिथेच परत ठेवली.

"मंग सांगायचं न्हाई व्हय?"

"तू कवा इचारलंस?"

"मी पाटणची," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू मला खुलासा द्यायचा होता. "मला वाटलं, पाणी कुणालाबी ग्वाड लागतं." मी कपात बघत राहिलो. एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता, आणि तो नेमका माझ्यासमोर सुटायचा होता. तिसऱ्या दिवशी बॅग दाराशी आली.

मला वाटलं, काकी आता दुकानात फिरकणार नाहीत. आठवड्याभरात आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माती. एसटीने दहिवडीला जाऊन पुढे सासरच्या माळावरून आणली होती. तांबूस, मधेच पिवळट, खड्यांची.

"ह्यो रंग करून द्या. सगळी खोली न्हाई, खुर्चीम्होरची एकच भित."

दिवाळी तोंडावर होती. दुकानात दहा माणसं, मशीनपुढे रांग, एक कंत्राटदार माझ्या नावाने शंख करत होता. मी त्यांच्याकडे न बघताच म्हणालो, "काकी, दिवाळीनंतर या. माती कुठं पळून जात नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

काकी "बरं" म्हणणाऱ्या नव्हत्या. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पिशवी त्यांनी स्वतःच माझ्या मागच्या फळीवर ठेवली आणि त्या गेल्या.

दिवाळी झाली. काकी आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी रंगाऱ्याने सांगितलं. ताप आला होता, अंगावर काढला, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तीन दिवसांत सगळं संपलं. मी फळीवरची पिशवी खाली घेतली आणि काउंटरच्या आत बसून गिऱ्हाइकांसमोर रडलो. दीड-दोन तासांचं काम होतं. तेवढा वेळ मला काढता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं आणि माझा मलाच राग येतो.

भेटायला गेलो तेव्हा हवालदार त्या खोलीत, वेताच्या खुर्चीत बसले होते. खिडकीतून बाहेरचा डोंगर दिसत होता, पण खुर्ची त्यांनी भिंतीकडे फिरवून घेतली होती. नोकरी सोडली म्हणाले. परगावाहून येऊन राहिलेल्या त्यांच्या मोठ्या सुनेने सांगितलं, सकाळी बसतात ते जेवायलाच उठतात, चहा तसाच गार होतो. काकींना हवं होतं ते झालं होतं. मी मातीची पिशवी पुढे केली. भिंत करून देतो म्हणालो.

त्यांनी पिशवीत हात घातला, माती बोटांत चोळली आणि पिशवीची गाठ परत मारली. "नगं," ते म्हणाले. "ह्येच असू द्या."

गेल्या महिन्यात ते दुकानात आले. काकींचा फोटो लावायला त्यांनी त्या घरातला पहिला खिळा मारला होता आणि तो चुकला होता. फार वर लागला, खुर्चीतून बघायला मान दुखायची. मग उपटून खाली मारला. वरचं भोक बुजवायला त्यांनी टूथपेस्ट भरली.

"तिची रीत," ते म्हणाले. "पर ह्या रंगावर पांढरा ठिपका दिसतोय. सारखी नजर तितंच जाती. वाईच रंग द्या."

रंगाचा हिशेब माझ्या मशीनमध्ये साठवलेला होता. थेंब न थेंब तोच. मी छोटी डबी बनवली, झाकणावर बोट ओढून दाखवलं. हवालदारांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात भिंतीचा नखाएवढा पापुद्रा होता. मी त्यांना समजावू लागलो, की भिंतीवर ऊन येतं, रंग उतरतो, मशीनमधून निघणार तो नवा रंग निघणार, थोडा फरक राहणारच. ते ऐकत नव्हते. डबी आणि पुडी घेऊन ते पायऱ्या उतरले, रस्त्यात उभे राहिले आणि दोन्ही हात लांब धरून मान डावीकडे, मग उजवीकडे कलती केली. मागे रिक्षा हॉर्न देत होती. मी काउंटरवर हात टेकून उभा होतो.

ते वर आले. डबी माझ्यापुढे ठेवली.

"जवळ हाय," ते म्हणाले. मग स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसले. "दुसरा काढा. मी बसतो. मला कुटं जायाचं न्हाई."